पणजोबांच्या थोरल्या भावाची पहिल्या महायुद्धातली मोडी पत्रं सापडलीत, वाचायची कशी आणि त्यात शोधायचं काय?

माणदेशी_वाट

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण मदत पाहिजे म्हणून सगळंच सांगतो. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. यंदा गावच्या घराचं माळवद उतरवायला घेतलं, पाऊस आत यायला लागला होता, तर आतल्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक निघाली, वर पितळी भांडी, जमिनीची जुनी कागदं आणि तळाला धडप्यात बांधलेलं पत्रांचं पुडकं. पणजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीत होते एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. आजी म्हणायची, थोरला बसऱ्याकडं गेला आणि तिकडंच राहिला. त्यापलीकडं कुणालाच काही माहीत नाही, फोटोसुद्धा नाही. एक मेडल आहे, पार काळं पडलंय. पलटण एकशे सतरा मराठा असं वडील सांगतात.

पत्रं बहुतेक मोडीत आहेत, एखाददुसरं बाळबोधमध्ये. काही शाईची, काही पेन्सिलीची, पेन्सिलीच्या पत्रांवर मध्येच जांभळे डाग पडलेत. दोन लिफाफ्यांवर राजाच्या तोंडाची तिकिटं आहेत आणि त्यावर काळ्या अक्षरात आय.ई.एफ. असं छापलंय, गोल शिक्क्यात एफ.पी.ओ. आणि पुढं नंबर. सगळ्यात शेवटच्या पत्रावर शके १८३७ कार्तिक शुद्ध असं आहे, हे आमच्या गावातल्या रिटायर्ड तलाठी तात्यांनी वाचून सांगितलं. त्यांना थोडी मोडी येते, जुने फेरफार वाचायची सवय आहे म्हणून. त्यांनी दोन-तीन पत्रं अंदाजानं वाचली तर त्यात लढाईचं एक अक्षर नाही हो! सगळं बैल, विहीर, सावकाराचं देणं, मनीऑर्डर पोचली का, पाऊस कसा आहे, हेच. आणि घरचे म्हणतात ते शाळेत गेलेच नव्हते, मग ही लिहिली कुणी?

आता एक भाऊ म्हणतोय सगळी लॅमिनेट करून टाकू, आणि तिकिटांसाठी एक जण पैसे द्यायला तयार आहे. मला काहीच करवत नाहीये. तर ही पत्रं वाचायची कशी, तो माणूस नेमका कुठं होता हे कसं काढायचं, आणि नुसत्या बैलाच्या चौकशीतून त्यांच्याबद्दल काही कळतं का, जाणकारांनी प्लीज सांगा.


मोडी_वाचक

दादा पहिलं म्हणजे लॅमिनेशन अजिबात करू नका, कितीही कुणी म्हणू दे. उष्णतेनं कागद आणि प्लॅस्टिक एक होऊन जातं, परत सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडून अक्षरं खातो. आणि जांभळे डाग म्हणताय ना, ती त्या काळची पक्की पेन्सिल, कोरडी असली की साधी शिसपेन्सिल वाटते आणि ओल लागली की जांभळी होऊन पसरते. शाईची दौत खंदकात कोण बाळगणार, म्हणून शिपायांकडं ही पेन्सिल सर्रास असायची. त्यामुळं त्या पत्रांना घामाचा हातसुद्धा लावू नका, ओल्या फडक्यानं पुसायचं तर मनातही आणू नका. खिडकीजवळ उजेडात (थेट उन्हात नाही) मोबाईलनं दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लिफाफ्यांचेही काढा, आणि कुठलं पत्र कुठल्या लिफाफ्यातलं ती जोडी मोडू नका. तिकिटं तर विकूच नका, लिफाफ्यावरून तिकीट काढलं की शिक्का अर्धा जातो आणि तारीख-ठिकाण कळायची एक वाट बंद होते.

आता वाचायचं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता खाली अक्षरं लिहीत जातात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळं पहिल्यांदा पान बघितलं की सगळा गुंता दिसतो. पण पत्र वाचणं दप्तर वाचण्यापेक्षा सोपं, कारण सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात. तीर्थरूप राजमान्य, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम असे, तुमचेकडील क्षेम लिहीत जाणे, कळावे. एवढं माहीत असलं की त्या ओळींवरनं त्या माणसाचा 'क्ष' कसा, 'त' कसा, 'व' आणि 'र' मध्ये तो फरक कसा करतो हे समजतं, आणि ती अक्षरं घेऊन मधल्या मजकुरात शिरायचं. मी शिकवताना सगळ्यांना हेच करायला लावतो. मधल्या मजकुरात अडलं तर आधी माणसांची आणि गावांची नावं काढा, ती घरच्यांना माहीत असतात, तुमच्या वडिलांना शेजारी बसवा.

शिकायचं असेल तर राज्याच्या पुराभिलेख खात्याकडून मोडीचे वर्ग घेतले जातात, तुम्हाला कोल्हापूरचं किंवा पुण्याचं कार्यालय जवळ, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी शिकवतात. तात्यांना तर आधी धरा, ज्यांना फेरफार वाचायची सवय आहे त्यांना तुमच्या भागातली आडनावं आणि शेतीचे शब्द पाठ असतात, ते पुण्याच्या माणसाला चटकन लागणार नाहीत.

शके १८३७ मध्ये ७८ मिळवले की १९१५. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती, म्हणजे कार्तिक शुद्ध पक्ष साधारण ८ ते २१ नोव्हेंबर. यापुढचं फौजी लोकांनी सांगावं.


सुभेदार_निवृत्त

वरची तारीख वाचून मी दोनदा नकाशा उघडला. सांगतो.

आय.ई.एफ. म्हणजे परदेशात गेलेली हिंदुस्थानी फौज, इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, तिच्यासाठी १९१४ ला भारतीय तिकिटांवर ही अक्षरं छापली. एफ.पी.ओ. म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, फौजेचं टपाल ऑफिस. पत्त्यात आय.ई.एफ. च्या पुढं एखादं इंग्रजी अक्षर आहे का बघा. ए म्हणजे फ्रान्स, बी आणि सी पूर्व आफ्रिका, डी म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तुमचं डी असणार. ११७ मराठा सहाव्या पूना डिव्हिजनच्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये होती, आणि ही ब्रिगेड नोव्हेंबर १९१४ मध्ये सगळ्यात आधी फाव बंदरावर उतरली. त्याच महिन्यात बसरा घेतलं. एप्रिल १९१५ ला शैबाची लढाई, तिथं मराठे संगिनी लावून घुसले होते. मग टायग्रिसच्या काठानं वर वर सरकत राहिले, सप्टेंबरअखेर नदीकाठचं कूत शहर घेतलं, आणि वरच्या लोकांना बगदाद दिसायला लागलं. फौज थकलेली, बोटी कमी, जखमींना न्यायची सोय नाही, तरी पुढं काढली. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफोनला, म्हणजे सलमान पाकला तुंबळ झाली, आपल्या बाजूची चार हजारांहून जास्त माणसं मेली नाहीतर जखमी झाली. माघार घेत ३ डिसेंबरला कूतला परत आले आणि ७ तारखेला तुर्कांनी वेढा घातला.

आता तुमचं शेवटचं पत्र कार्तिक शुद्धातलं. म्हणजे बगदादकडं कूच व्हायच्या तोंडावर, नदीकाठच्या कुठल्यातरी छावणीतलं. त्यानंतर पत्र नाही याचा अर्थ एकतर टेसिफोनला काही झालं किंवा ते कूतच्या वेढ्यात अडकले. वेढ्यातून टपाल बाहेर पडत नव्हतं, वायरलेस तेवढी चालू होती. १४७ दिवस वेढा चालला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ अशा तीन पलटणी आत होत्या. घोडे मारून खायची वेळ आली, आपल्या लोकांनी बरेच दिवस ते खाल्लं नाही, हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून वायरलेसवर परवानगी मागवली तरी खूप जणांनी नाहीच खाल्लं, मूठभर जवाच्या पिठावर राहिले आणि अंगात स्कर्व्ही भरली. शरण गेल्यावर शिपायांना उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेलं, पुष्कळांना रास अल ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत किती गेले त्याचा नीट हिशोब आजवर लागलेला नाही.

मेडल काळं पडलंय म्हणजे चांदीचं असणार. चिंच-मीठ लावून घासू नका! कडेला भिंग लावून बघा, पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तो नंबर मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधा. बसऱ्याच्या स्मारकात चाळीस हजारांवर लोकांची नोंद आहे, पण तिथल्या भिंतीवर गोऱ्यांची आणि आपल्या अंमलदारांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा टाकला. कमिशननं २०२१ च्या अहवालात अशा भेदभावाची कबुली दिली. शंभर वर्षांनी. माझं रक्त अजून उसळतं हे लिहिताना. नावं यादीत आहेत, भिंतीवर नाहीत, त्यामुळं बसऱ्याच्या भिंतीचा फोटो बघून निराश होऊ नका, यादीत शोधा.

पलटणीची रोजची नोंदवही, तिला वॉर डायरी म्हणतात, लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यू.ओ. ९५ या मालिकेत आहे. ती माणसाची खाजगी डायरी नाही, अॅडज्युटंटनं, म्हणजे पलटणीचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यानं लिहिलेला रोजचा रिपोर्ट असतो, आज इतके मैल, इतके जखमी. त्यात शिपायाचं नाव क्वचित येतं, पण पत्राच्या तारखेला पलटण कुठं होती ते पक्कं कळेल. १९२२ ला सगळ्यांचे नंबर बदलले, १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी आणि ११७ ची पाचवी रॉयल. बेळगावला मराठा सेंटरला चौकशी करताना दोन्ही नंबर सांगा, नाहीतर गोंधळ होतो.


पडताळा

माहिती चांगली आहे, पण एक सांगू का, या पत्रांवर जास्त विसंबू नये. शिपायाला लिहिता येत नाही, तो लेखनिकाला सांगणार, लेखनिक आपल्या साच्यात लिहिणार, वर सेन्सॉर आहे हे दोघांनाही माहीत, आणि घरी ते पत्र कुलकर्णी नाहीतर मास्तर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार. चार जणांच्या हातून गेलेल्या मजकुरात त्या माणसाचं स्वतःचं काय उरलं? प्रश्नकर्त्यांनीच लिहिलंय की बैल आणि विहीर सोडून काही नाही. भावनेच्या दृष्टीनं मोलाची आहेतच, घरात जपून ठेवा, पण यावरून युद्धाचा इतिहास लिहिता येणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.


निळी_शाई

पडताळा, तुमचं चार हातांचं म्हणणं खरं आहे पण त्यावरून जो निष्कर्ष काढलाय तो मला अजिबात पटत नाही, आणि या विषयावर मी बरीच वर्षं वाचतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्रान्समधल्या हिंदी शिपायांचंच घ्या. १९१४ च्या शेवटी तिथं हिंदी टपालासाठी वेगळं सेन्सॉर ऑफिस काढलं, आधी रूआंला मग बुलोनला, कॅप्टन हॉवेल नावाचा सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी प्रमुख. खरा उद्देश गदरवाल्यांचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या क्रांतिकारकांचं साहित्य पकडायचा. पण हजारो पत्रं उघडायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की फौजेच्या मनात काय चाललंय ते इथं कळतंय, मग निवडक उतारे इंग्रजीत करून दर आठवड्याला रिपोर्ट जायला लागला. १९१५ मध्ये आठवड्याला दहा-वीस हजार पत्रं लिहिली जात होती. ते रिपोर्ट आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं मात्र बहुतेक गेलीच, वाचायला मिळतो तो इंग्रजी उतारा. आता बघा, शिपायांना सेन्सॉर माहीत होता म्हणून ते गप्प बसले का? नाही. काळी मिरी संपत आली आता लाल मिरची वापरतायत असं लिहायचे, काळी म्हणजे आपले आणि लाल म्हणजे गोरे. हॉवेलला ते समजत होतं तरी बरीचशी पत्रं तो जाऊ द्यायचा, कारण अडवली तर लोक लिहायचेच बंद होतील. कुणी लिहितो हे युद्ध नाही जगाचा अंत आहे, कुणी महाभारताशी तुलना करतो. बरे झालेले जखमी परत आघाडीवर पाठवतात याचा राग किती पत्रांत आहे! आणि त्याच गठ्ठ्यात कुणी फ्रान्सच्या शेतकरणी बायका बघून घरी लिहितोय की मुलीला शाळेत घाला. हे सगळं लेखनिक आणि सेन्सॉर असूनच आलंय.

मराठी पत्रं त्यात शोधायला गेलात तर निराशा होईल, कारण मराठा पायदळ फ्रान्सला गेलंच नाही, मेसोपोटेमियाला गेलं. फ्रान्समध्ये मराठे होते ते मुख्यतः खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (फौजेची पूल-खंदक बांधणारी माणसं), २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यव्ह शापेलला त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीला पायदळासारखं लढायला लावलं आणि कंपन्या जवळजवळ संपल्या. म्हणूनच माणदेशी_वाट यांच्या ट्रंकेतलं पुडकं मोलाचं आहे. मूळ कागद, मूळ भाषा, मूळ हात, हे फ्रान्सच्या त्या प्रसिद्ध गठ्ठ्यातही नाही.

अधिकाऱ्यांचं वेगळं असतं, त्यांना लिहिता येतं, वेळ मिळतो, सामानात वही ठेवायची मुभा असते. जयपूरजवळच्या कानोट्याचे अमरसिंग १८९८ पासून १९४२ पर्यंत, मरेपर्यंत डायरी लिहीत होते, ८९ खंड आहेत, फ्रान्स आणि मेसोपोटेमिया दोन्ही त्यात आलंय, गोरे अधिकारी आपल्याशी कसे वागतात हे ते स्वच्छ लिहितात. पण तुमच्यासाठी त्याहून जवळचे दोन लोक सांगते, कारण ते दोघंही तुमच्या थोरल्या पणजोबांच्याच डिव्हिजनबरोबर होते. एक कॅप्टन कल्याण मुखर्जी, मेडिकल सर्व्हिसमधले बंगाली डॉक्टर. ते आईला पत्रं लिहायचे. सुरुवातीला लढाईचं वर्णन असायचं, आणि १९१५ च्या शेवटाकडं देशभक्ती म्हणजे दुसऱ्याचा मुलूख घ्यायला माणसं मारणं आहे अशा अर्थाचं ते लिहायला लागले, तेही ब्रिटिश गणवेशात राहून. कूतला पकडले गेले, १९१७ मध्ये रास अल ऐनला कैदेत वारले. त्यांच्या आजीनं, वयाच्या ऐंशीच्या आसपास, ती पत्रं जुळवून नातवाचं चरित्र लिहिलं, १९२८ ला छापलं.

दुसरे शिशिर सर्वाधिकारी, बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधले साधे स्वयंसेवक, अधिकारी नव्हेत. तेही कूतचे कैदी. डायरी सापडली तर जिवावर बेतणार म्हणून पानं फाडून बुटात लपवली, पुढं एका दवाखान्यात काम करताना त्या चिठोऱ्यांवरून परत उतरवून काढली, मध्ये काही काळ जमिनीत पुरून ठेवली, आणि घरी आणली. १९५० च्या दशकात बंगालीत पुस्तक आलं. टेसिफोनच्या रात्री जखमी शिपाई गाड्यांत, बोटींत कसे पडून होते हे डोळ्यांनी बघून लिहिणारा हा माणूस. तुमच्या पत्रांत जे नाही ते इथं आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली की बैलाची चौकशी करणारा माणूस त्या वेळी कुठल्या परिस्थितीत उभा होता ते कळतं.

आणि आता बैलांचं. पडताळा म्हणतात काही नाही, मी म्हणते सगळं तिथंच आहे. शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये. माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळ. तो माणूस पलटणीत गेला तोच मुळी त्या देण्यापायी आणि विहिरीपायी. त्यामुळं मनीऑर्डर पोचली का हा प्रश्न सुखरूप असण्याच्या चौकशीइतकाच मोठा आहे. प्रत्येक पत्रातले रकमेचे आकडे, कुणाला किती द्या, कुठलं जनावर विकू नका, पाऊस कधी झाला, हे सगळं तारखेनुसार एका वहीत उतरवा. रक्कम अचानक वाढली असेल तर बहुधा नाईक झाले असतील, नाहीतर भत्ता मिळाला असेल. एखाद्या महिन्यात पैसे नाहीत तर दवाखान्यात असू शकतील. हे मी हवेत बोलत नाहीये, दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेतल्या हिंदी पत्रांचे जे सेन्सॉर रिपोर्ट निघाले त्यांतही मुख्य सूर हाच आहे, घरी धान्य महाग झालंय, पैसे पोचत नाहीत, भाऊबंद जमिनीत घुसलेत. सरकारला या ओळींची धास्ती होती, बढायांची नाही.

बायकोला वेगळं पत्र नसेलच. तेव्हा थोरल्यांच्या देखत तसं लिहायची पद्धत नव्हती, सगळं वडिलांच्या नावे. तिच्यासाठीचं काही असलंच तर ते शेवटी, 'घरातील सर्वांस यथायोग्य' च्या आसपास, एखाद्या वस्तूच्या किंवा मुलाच्या निमित्तानं येतं. तिथं नीट बघा.


दापोली_बंदर

एक जोडायचं आहे. फक्त मराठा पलटणींचीच घरं नाहीत, आमच्या कोकणात महार समाजातल्या कितीतरी घरांत असे कागद असतील. इंग्रजांनी महारांची भरती आधी बंद करून टाकलेली, महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ ला १११ महार उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडून टाकली. मग थेट १९४१ ला महार रेजिमेंट. त्या मधल्या माणसांच्या हाती ना पलटण राहिली ना पलटणीचं म्युझियम, त्यामुळं घरातला कागद हाच पुरावा. शिवाय लेबर कोअर, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी यांना तर इतिहासात कुणी विचारतच नाही. त्यांना युद्धाचं मेडल ब्राँझचं मिळायचं, चांदीचं नाही. कुणाच्या घरी तांब्यासारख्या रंगाचं राजाच्या तोंडाचं मेडल असेल तर कडेला काय लिहिलंय ते बघा आणि इथं सांगा, मी अशा नोंदी गोळा करतोय.


माणदेशी_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

मेडलच्या कडेला नंबर, नाव आणि ११७ मराठाज असं इंग्रजीत आहे, भिंगानं स्वच्छ दिसलं. वडिलांना दाखवलं तर ते बराच वेळ ते हातात धरून बसले. पत्त्यावर आय.ई.एफ. डी आहे, सुभेदार साहेबांचं बरोबर निघालं. कमिशनच्या साइटवर त्या नंबरनं शोधलं, नाव मिळालं, बसरा मेमोरियल, तारीख १९१६ च्या पावसाळ्यातली. म्हणजे टेसिफोनमधून वाचले, वेढ्यातून वाचले आणि त्यानंतर गेले. घरात शंभर वर्षं कुणाला तारीखच माहीत नव्हती, आता वडील म्हणतायत पितृपक्षात त्यांचंही पान ठेवायचं.

तात्यांनी आणि मोडी_वाचक सरांनी मिळून शेवटचं पत्र पुरं लावलं. वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार, इकडं थंडी पडायला लागली आहे, कुणी येणारं असेल तर आपल्याकडचं एक घोंगडं पाठवा, खिल्लारी खोंड विकू नये, विहिरीचं काम पाडव्यापर्यंत थांबवावं म्हणजे मी पैसे पाठवतो, धाकट्याला, म्हणजे माझ्या पणजोबांना, शाळेतून काढू नये. निळी_शाई ताई, तुम्ही म्हणालात तसंच शेवटी आहे, यथायोग्यच्या आधी एक ओळ, की मुलाला चालायला लागला का ते लिहावं. त्यांना मूल होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. वडील म्हणतात ते लहानपणीच गेलं असणार, पण आता जन्ममृत्यूची जुनी नोंद तालुक्याला जाऊन बघणार आहे.

आणि अगदी तळाला, वेगळ्या वळणाचं नाही, त्याच हाताचं, पण पत्र संपल्यावर, 'लिहिणाराचा रामराम' आणि पुढं एक नाव आणि शेजारच्या गावाचं नाव. बाकीच्या पत्रांतही बहुतेक हेच अक्षर आहे असं तात्या म्हणतात. हा तोच पत्र लिहून देणारा असणार ना?


मोडी_वाचक

हो, तोच. पत्र सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असला की लिहिणारा आपला रामराम तळाला घालतो, ही आपल्याकडची जुनी रीत. शेजारच्या गावचा आणि एकाच पलटणीत म्हणजे बहुधा बरोबरच भरती झालेले. दोन-तीन गावच्या पोरांना एकच लिहिणारा पुरायचा. त्या गावात त्या आडनावाची घरं शोधा, त्याच्या अक्षरातली पत्रं आणखी कुणाच्या ट्रंकेत असतील.


सुभेदार_निवृत्त

थंडीचं खरं आहे, टायग्रिसच्या काठाला नोव्हेंबरात रात्री बोचरं गार पडतं, आणि पुढं जानेवारीत कूतच्या खंदकांत नदीचं पाणी शिरलं होतं.

त्या लेखनिकाचं नावही कमिशनच्या यादीत ११७ खाली शोधा. सापडलं नाही तर तो जिवंत परत आला असायची शक्यता आहे, आणि आला असेल तर तुमच्या घरी निरोप घेऊन नक्की आला असणार. त्याच्या घरच्यांना जाऊन भेटा, जाताना त्या तळाच्या ओळीचा फोटो मोठा प्रिंट करून न्या, मूळ पत्र नेऊ नका. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोन्ही नंबर देऊन एकदा विचारा, जुनी पेन्शनची नोंद निघाली तर त्या मुलाचं आणि आईचं नाव त्यात असेल.